तीनदा नाहीसा झालेला व्हल्कन

दुबईत राहत असाल तर तुम्ही तेविसाव्या शतकात वावरता, हे ठाऊक आहे का? २०१६ साली आलेल्या 'स्टार ट्रेक बियाँड' या चित्रपटात यॉर्कटाउन नावाचं अवकाशस्थानक आहे. काचेच्या एका प्रचंड गोळ्यात अख्खं शहर वसवलेलं. त्या शहराच्या दृश्यांचं चित्रीकरण ऑक्टोबर २०१५मध्ये दुबईत झालं. आणि सुट्टीत कधी अबू धाबीच्या दक्षिणेला लिवाच्या वाळूत गेला असाल, तर तुम्ही 'स्टार वॉर्स'मधल्या जाकू ग्रहावरही पाऊल ठेवून आला आहात. 'द फोर्स अवेकन्स'चं तिथलं चित्रीकरण मे २०१४मध्ये सुरू झालं होतं. पुढे 'ड्यून'च्या मंडळींनाही हीच वाळू लागली.

इतक्या वर्षं चालणाऱ्या कथामालांची एक अडचण असते. लिहिणारे बदलतात, नट बदलतात, पैसा कमी-जास्त होतो आणि कथेचे सांधे जुळेनासे होतात. दुबईत चित्रित झालेल्या त्या 'बियाँड'मध्येच पाहा. नायकांना 'फ्रँकलिन' नावाचं एक जुनं यान सापडतं. वॉर्प ४ हा वेग गाठणारं पृथ्वीचं ते पहिलं यान, असं आपल्याला सांगितलं जातं. (वॉर्प म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जाण्याची स्टार ट्रेकची काल्पनिक युक्ती.) त्याचा नोंदणी क्रमांक एनएक्स-३२६. पण २००१ ते २००५ या काळात चाललेल्या 'एंटरप्राइज' मालिकेतलं यान वॉर्प ५ गाठतं आणि त्याचा क्रमांक आहे एनएक्स-०१! हळू यानाचा क्रमांक ३२६ आणि त्याच्या पुढची पायरी गाठणाऱ्याचा ०१? हे तर आपल्या आरटीओतही चालायचं नाही.

चाहत्यांनी लगेच उत्तर शोधलं. 'फ्रँकलिन' आधी दुसऱ्याच कुठल्या दलाकडे असणार. नंतर सगळी दलं एकत्र झाली तेव्हा त्याला नवा क्रमांक मिळाला असणार. झालं, फट बुजली. अशा उत्तराला इंग्रजीत 'फॅन थिअरी' म्हणतात, आणि आता मराठीतही तेच म्हणतात.

मी पेशाने संशोधक आहे आणि स्टार ट्रेक आवडीने पाहतो. या फॅन थिअऱ्यांकडे पाहताना मला नेहमी माझ्या कामाची आठवण होते. निरीक्षण आणि सिद्धांत यांच्यात फट दिसली की आम्हीही ती बुजवायलाच बसतो. मग चाहत्याचं ठिगळ आणि वैज्ञानिकाचं गृहीतक यांत फरक काय? 'वैज्ञानिक हुशार असतात' हे त्याचं उत्तर नाही. चाहते काही कमी हुशार नसतात. ते पुढे दिसेलच.

क्लिंगॉनचं कपाळ

स्टार ट्रेकची पहिली मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. त्यात क्लिंगॉन नावाचे लढवय्ये परग्रहवासी होते. पैसे कमी, त्यामुळे रंगभूषाही बेताची: चेहऱ्याला गडद रंग, भुवया, मिशा, की झाला क्लिंगॉन. कपाळ तुमच्या-माझ्यासारखं सपाट. १९७९ साली पहिला चित्रपट आला, पैसा आला, आणि क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांचे ठळक उंचवटे आले.

खरं कारण रंगभूषेच्या खर्चाचं. पण चाहत्याला खरं कारण नको असतं, त्याला कथेच्या आतलं कारण हवं असतं. एक लोकप्रिय उत्तर असं होतं की क्लिंगॉनांच्या दोन जमाती आहेत, एक सपाट कपाळाची, दुसरी उंचवट्यांची. सुटसुटीत उत्तर होतं. पण १९९४मध्ये 'डीप स्पेस नाइन' या मालिकेच्या एका भागात जुन्या मालिकेतले तीन क्लिंगॉन, कोर, कोलोथ आणि कांग, परत आले. नट तेच, पात्रं तीच, आणि तिघांच्याही कपाळावर आता उंचवटे! तीच माणसं आधी सपाट कपाळाची आणि नंतर उंचवट्यांची दिसत असतील, तर दोन जमातींचं उत्तर पुरत नाही. एका फॅन थिअरीचा पुराव्याने पाडाव झाला.

१९९६ साली त्याच मालिकेतली पात्रं कालप्रवास करून १९६७च्या एका भागात शिरतात. सपाट कपाळाचे क्लिंगॉन पाहून ती वॉर्फ या आपल्या क्लिंगॉन सहकाऱ्याला कारण विचारतात. जनुकीय बदल झाला का? विषाणूचा परिणाम का? वॉर्फ इतकंच सांगतो की या गोष्टीची चर्चा आम्ही परक्यांशी करत नाही. आणि २००५मध्ये 'एंटरप्राइज'च्या दोन भागांत या फटीचं अधिकृत उत्तर आलं. मानवी जनुकीय बदलांचं तंत्र क्लिंगॉनांनी स्वतःवर वापरू पाहिलं, त्यातून एक विषाणू पसरला आणि कित्येकांच्या कपाळावरचे उंचवटे गेले. म्हणजे १९९६च्या विनोदात विचारलेले दोन्ही प्रश्न एकत्र करून उत्तर तयार झालं.

इथे क्षणभर थांबा. १९९६चा अंदाज २००५मध्ये बरोबर ठरला, असं म्हणता येईल का? मला वाटतं, नाही. २००५च्या लेखकांनी १९९६चा भाग पाहिला होता. अंदाज खरा ठरला तो लेखकाने तो खरा ठरवला म्हणून. कथेच्या जगात अंदाज आणि उत्तर यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो आणि तो आपलं बोलणं ऐकत असतो. निसर्ग आमचे शोधनिबंध वाचत नाही. पहिला फरक हा.

बाथरूमची रांग

दुसरं उदाहरण जास्त प्रसिद्ध आहे. १९८२च्या चित्रपटात खान हा खलनायक चेकोव्हला पाहताच ओळखतो. पण खान जिथे पहिल्यांदा भेटला तो भाग फेब्रुवारी १९६७चा, पहिल्या हंगामातला. चेकोव्हचं पात्र आलं दुसऱ्या हंगामात, सप्टेंबर १९६७मध्ये. मग ओळख झाली कधी?

चाहत्यांचं उत्तर असं: चेकोव्ह तेव्हाही यानावरच होता, खालच्या मजल्यावर काम करत होता, कॅमेऱ्यासमोर आला नाही इतकंच. चेकोव्हची भूमिका करणारे वॉल्टर कोनिग चाहत्यांच्या मेळाव्यांत गमतीने सांगत, की चेकोव्हने बाथरूममध्ये फार वेळ लावला, खान बाहेर ताटकळला, म्हणून तो चेहरा त्याच्या लक्षात राहिला.

विनोद सोडला तर ही दोन्ही उत्तरं सारख्याच वजनाची आहेत. दोन्ही त्या एकाच फटीपुरती शिवलेली. त्यांतून कथेतली दुसरी कुठलीच गोष्ट नव्याने कळत नाही आणि दोन्ही खोटी ठरवायची तर काही मार्गही नाही. कॅमेऱ्याबाहेर कोण होतं हे कोण तपासणार?

'स्टार वॉर्स'मध्येही असंच आहे. १९७७च्या चित्रपटात हान सोलो फुशारकी मारतो की त्याच्या यानाने केसेलची फेरी १२ पार्सेकच्या आत पुरी केली. खगोलशास्त्रात पार्सेक हे अंतराचं एकक आहे, एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं. 'मी पुणे-मुंबई दीडशे किलोमीटरच्या आत गाठलं' असं म्हणण्यासारखं झालं. चाहत्यांनी उत्तर काढलं: तो वेग सांगतच नव्हता. वाट धोक्याची होती, धोक्याच्या जवळून जाण्याची छाती असेल तितकं अंतर कमी. २०१८च्या 'सोलो' चित्रपटाने त्याच धाटणीचं उत्तर पडद्यावर आणलं. हे ठिगळ मात्र मला मनापासून आवडतं, कारण त्यातून हानचा स्वभावही उलगडतो. फट बुजवताना आणखी काहीतरी समजलं, तर ते उत्तर नुसत्या सबबीपेक्षा वरच्या पायरीचं.

शंकासमाधान आणि भांडारकर

हा खेळ अमेरिकेत जन्मला असं समजू नका. आपल्याकडे प्रवचनाला गेलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. श्रोत्यांतून एखादी आजी विचारते की अमुक पर्वात असं सांगितलंय, मग तमुक ठिकाणी वेगळं कसं? बुवा चष्मा सावरतात आणि शंकासमाधान करतात. ते वेगळ्या कल्पातलं, हे शापामुळे, ते लीला म्हणून. शतकानुशतकं ही फट बुजवण्याची कला आपण जोपासली आहे आणि तिच्यातून सुंदर उपकथाही जन्मल्या आहेत.

पण त्याच फटींकडे पाहण्याची दुसरी रीतही आपल्या पुण्यात घडली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५मध्ये संपादनाची सूत्रं घेतली आणि कामाची पद्धत घालून दिली. १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. काम पुरं झालं १९६६मध्ये, म्हणजे स्टार ट्रेक सुरू झालं त्याच साली.

या पंडितांनी विसंगती मिटवली नाही, ती मांडून ठेवली. कुठल्या पोथीत काय आहे ते नोंदवलं. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्या जिथे वेगळ्या बोलतात तिथे दोन्हींचे पाठ टिपले. नंतर भर पडलेला मजकूर तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहून घ्यावं ही आपल्या सर्वांची लाडकी कथा तिथे परिशिष्टात आहे. कथेवरचं प्रेम त्याने कमी होत नाही; ती केव्हा आली असावी एवढंच त्यातून समजतं.

पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे. दोन पोथ्यांत एक पाठ अवघड आणि दुसरा सोपा, गुळगुळीत असेल, तर अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव जास्त. कारण नक्कल करणारा माणूस अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द सहसा अवघड करत नाही. ही गोष्ट मला प्रयोगशाळेतही उपयोगी पडते. जी मांडणी फार गुळगुळीत दिसते, तिथे कुणीतरी आधीच हात फिरवलेला असू शकतो.

पहिला व्हल्कन

आता विज्ञानाकडे वळू. फट बुजवणं वैज्ञानिकाला वर्ज्य नाही. उलट काही मोठे शोध असेच लागले आहेत.

एकोणिसाव्या शतकात युरेनस गणिताने सांगितलेल्या जागी सापडत नव्हता. फ्रेंच गणितज्ञ उर्बां ल व्हेरिए यांनी मांडलं की युरेनसच्या पलीकडे एक न दिसलेला ग्रह असावा आणि तो युरेनसला ओढत असावा. हे अगदी फॅन थिअरीसारखं वाटतं ना? कॅमेऱ्याबाहेर कुणीतरी होतं! फरक एवढाच की ल व्हेरिए यांनी तो ग्रह आकाशात कुठे शोधायचा तेही सांगितलं. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

मग पाळी आली बुधाची. बुधाच्या लंबवर्तुळाकार कक्षेचं सूर्याला सर्वांत जवळचं टोक हळूहळू सरकतं. बाकीच्या ग्रहांची ओढ हिशेबात धरली तरी थोडं सरकणं उरतंच. आजच्या मोजणीप्रमाणे ते शतकाला सुमारे ४३ विकला इतकं आहे. एका अंशात ३६०० विकला असतात, यावरून ते किती बारीक आहे ते लक्षात येईल. १८५९मध्ये ल व्हेरिए यांनी आपली जुनी, यशस्वी युक्ती पुन्हा वापरली. बुधाच्या आत, सूर्याच्या अगदी जवळ, आणखी एखादा ग्रह किंवा लहान पिंडांचा समूह असावा. त्या ग्रहाला व्हल्कन हे नाव मिळालं. लेस्कार्बो नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरांनी सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका पाहिल्याचं कळवलं. १८७८च्या खग्रास सूर्यग्रहणात दोन अमेरिकन निरीक्षकांनीही ग्रह दिसल्याचा दावा केला. पण इतरांना तो दिसेना. सांगितलेल्या वेळी सूर्यबिंबावर ठिपका येईना.

नोव्हेंबर १९१५मध्ये आइन्स्टाइन यांनी आपल्या नव्या गुरुत्वसिद्धांतातून बुधाचा हिशेब केला. नवा ग्रह न घेता, कुठलाही आकडा सोयीने न बदलता, ४३ विकला थेट बाहेर पडल्या. व्हल्कनची गरजच उरली नाही. व्हल्कन नाहीसा झाला तो पहिल्यांदा.

माणूस तोच, युक्ती तीच. एकदा नेपच्यून मिळाला, एकदा काहीच नाही. म्हणजे चांगलं गृहीतक कोणतं हे ते मांडताना कळत नाही. पण व्हल्कनच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: तो खोटा ठरू शकत होता. केव्हा आणि कुठे दिसायला हवा हे सांगितलेलं होतं, म्हणून तो तिथे नाही हे कळू शकलं. चेकोव्ह खालच्या मजल्यावर नव्हता हे कधीच कळणार नाही.

दुसरा आणि तिसरा

स्टार ट्रेकमध्येही व्हल्कन आहे, तर्कनिष्ठ स्पॉकचा ग्रह. २००९च्या चित्रपटात तो कोसळून नष्ट होतो. व्हल्कन दुसऱ्यांदा गेला. त्या चित्रपटाच्या लेखकांनी मात्र कालप्रवासाने इतिहासाला फाटा फोडला. जुन्या मालिकांतला व्हल्कन शाबूत, नव्या चित्रपटांतला गेलेला. एकाच फटक्यात पुढच्या सगळ्या विसंगतींची सोय! आमच्या क्षेत्रात अशी सवलत मिळत नाही.

तिसऱ्या व्हल्कनची गोष्ट कथा आणि आकाश यांच्या सीमेवरची आहे. स्पॉकचा ग्रह नेमक्या कोणत्या ताऱ्याभोवती फिरतो? १९९१मध्ये स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी आणि तीन खगोलशास्त्रज्ञ यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकाला पत्र लिहून '४० एरिडनी' या ताऱ्याची निवड जाहीर केली. कारणही दिलं. दुसरा उमेदवार, एप्सिलॉन एरिडनी, वयाने लहान, सुमारे एक अब्ज वर्षांचा. तिथे प्रगत जीवसृष्टी घडायला वेळच मिळाला नसेल. ४० एरिडनी मात्र सुमारे चार अब्ज वर्षांचा. ही फॅन थिअरी चांगल्या जातीची म्हणायची, कारण ती ताऱ्यांच्या मोजलेल्या वयावर उभी होती.

आणि २०१८ साली बातमी आली: ४० एरिडनीभोवती खरोखरच ग्रह सापडला! सुमारे ४२ दिवसांत फेरी मारणारा, पृथ्वीच्या साधारण आठपट वस्तुमानाचा. चाहत्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. ग्रह थेट दिसलेला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो आणि त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित कमी-जास्त होते. ती डोलण्याची लय सापडली होती.

पण एक गोष्ट खुपत होती. हा तारा स्वतःभोवती फिरतो तोही साधारण ४२ दिवसांत. ताऱ्याच्या पृष्ठभागावर डाग असतात, उकळी फुटल्यासारखी हालचाल असते. तारा फिरला की ते डाग समोर येतात आणि मागे जातात, आणि डोलण्यासारखाच आभास निर्माण करतात. २०२४मध्ये ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या 'नीड' या उपकरणाच्या मोजमापांवरून एक शोधनिबंध आला. ग्रहामुळे तारा डोलत असेल, तर प्रकाशाच्या सगळ्या तरंगलांबींत तो सारखाच डोलला पाहिजे. इथे तसं नव्हतं. ताऱ्याच्या वातावरणाच्या वेगवेगळ्या थरांतून येणाऱ्या प्रकाशात लय वेगवेगळी होती. म्हणजे ग्रह नव्हता, ताऱ्याची स्वतःचीच चुळबुळ होती. व्हल्कन तिसऱ्यांदा नाहीसा झाला.

२०१८च्या शोधाबद्दल मला आदरच वाटतो. त्या गटाने आकडे उघड मांडले, म्हणून दुसऱ्या गटाला ते तपासता आले. आणि २०२४च्या गटाच्या हातात व्हल्कन होता, जगभरच्या चाहत्यांना हवाहवासा. तरी त्यांनी तो सोडून दिला.

आपल्या अंगणातला पुरावा

संयुक्त अरब अमिरातीतही अशी एक फट उघडून पाहण्याचं काम झालं आहे. जुलै २०२०मध्ये निघालेलं 'होप', अरबीत 'अल अमल', हे यान ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. मंगळाला दोन चंद्र आहेत, फोबोस आणि डिमोस. दोन्ही ओबडधोबड आणि काळपट, दिसायला लघुग्रहांसारखे. म्हणून एक जुनं उत्तर असं की मंगळाने येणारे-जाणारे लघुग्रह पकडून ठेवले. पण पकडलेल्या दगडाची कक्षा बहुधा लांबट आणि तिरकी असायला हवी. यांच्या कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहेत आणि मंगळाच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत. दिसणं एक सांगतं, कक्षा दुसरंच सांगते.

इथे दोन्ही उत्तरं काहीतरी पणाला लावतात. लघुग्रह पकडलेला असेल, तर डिमोसच्या प्रकाशात कार्बनयुक्त खडकांची खूण दिसायला हवी. मंगळाच्याच तुकड्यांतून घडला असेल, तर मंगळासारख्या बेसॉल्टची. मार्च २०२३मध्ये 'होप' डिमोसपासून सुमारे १०० किलोमीटरवरून गेलं. त्याच्या मोजमापांचा कौल बेसॉल्टकडे झुकला. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर, हे सांगायला नकोच. वाद संपलेला नाही. फोबोसवरून माती आणण्यासाठी जपानची 'एमएमएक्स' मोहीम आखलेली आहे. पण वाद कशाने संपेल हे दोन्ही बाजूंना माहीत आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं.

तीन प्रश्न

माझ्या रोजच्या कामात हा खेळ चालूच असतो. आलेखावर नऊ बिंदू रेषेवर बसतात, दहावा बाहेर जातो. मनात लगेच कारणांची रांग लागते. खोलीचं तापमान वाढलं असेल, नमुना जुना असेल, उपकरण नीट तापलं नसेल. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, म्हणून तर मोह होतो. अशा वेळी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हे उत्तर या एकाच बिंदूपुरतं आहे, की त्यातून आणखी काही समजतं? ते बरोबर असेल तर उद्या मला कुठे, काय दिसायला हवं? आणि काय दिसलं तर मी ते सोडून देईन? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर माझ्या हातात फॅन थिअरी आहे. ती वाईट असेलच असं नाही, पण तिच्यावर शोधनिबंध उभा करता येत नाही.

हे प्रश्न प्रयोगशाळेबाहेर जास्त लागतात. देशातल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादं चूर्ण येतं, मधुमेह मुळापासून घालवणारं. काका ते सुरू करतात. साखर उतरली तर चूर्णाचा गुण. नाही उतरली तर पथ्य चुकलं, वेळ चुकली, चूर्ण अस्सल नव्हतं. चूर्ण मात्र कधीच चुकत नाही. चेकोव्ह खालच्या मजल्यावर होता, तसंच हे. तिथे फट बुजली की मनोरंजन होतं. इथे मधल्या काळात गोळ्या बंद झालेल्या असू शकतात, आणि आपण तीन-साडेतीन तासांच्या विमानप्रवासाइतके लांब बसलेलो असतो.

अशा वेळी फोनवर वाद घालून उपयोग होत नाही, हे तुम्हालाही अनुभवाने माहीत असेल. त्याऐवजी तिसरा प्रश्न विचारून पाहा. 'काका, डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवा. पण तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासलं आणि आकडा कमी झालेला नसेल, तर चूर्ण लागू पडत नाही असं म्हणायचं का?' हो म्हणाले तर तारीख आणि आकडा दोन्ही ठरले. नाही म्हणाले तर निदान त्यांना स्वतःला कळतं की आपण काय जपतो आहोत.

मुलांबरोबर हाच खेळ हसत-खेळत होतो. पुढच्या वेळी एखादी मालिका पाहताना फट सापडली की प्रत्येकाने एक थिअरी मांडायची, आणि सोबत हेही सांगायचं की पुढच्या भागात काय दिसलं तर मी हार मानेन. मुलं या नियमाला फार लवकर सरावतात. मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

आणि थंडीच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमाराला, अबू धाबीतल्या अल कुआसारख्या अंधाऱ्या वाळवंटात गेलात तर मृग नक्षत्र शोधा. त्यातला निळसर-पांढरा तेजस्वी तारा राजन्य, म्हणजे रायजेल. तिथून पश्चिमेला, लांब केलेल्या हाताची साधारण दीड मूठ सरका. दोन मंद तारे जवळजवळ दिसतील. एकाचं नाव बैद, दुसऱ्याचं कैद. बैद म्हणजे अंडी; इथल्या सुपरमार्केटात अंड्यांच्या ट्रेवर तुम्ही हा शब्द रोज वाचता. कैद हे नाव अंड्यांच्या टरफलांवरून आलेलं. जुन्या अरबी निरीक्षकांनी या भागात शहामृगाचं घरटं पाहिलं होतं. कैद म्हणजेच ४० एरिडनी. सुमारे सोळा वर्षांपूर्वी निघालेला त्याचा प्रकाश तुमच्या डोळ्यांत येईल. त्याच्याभोवती तो ग्रह नाही हे आता आपल्याला माहीत आहे. दुसरा एखादा असेलही. पण तो कसा शोधायचा आणि नसला तर ते कसं ओळखायचं, हे दोन्ही आता ठाऊक झालं आहे.